आवाजावरून पक्षी ओळखायला कसं शिकायचं? (आईसाठी विचारतेय)

नीरजा_प · १२ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडला राहतो, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, तिसरा मजला, मागे एका जुन्या बंगल्याची झाडं आहेत. आई ७१ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला मॅक्युलाचा त्रास सुरू झाला, आता समोर बघितलं की मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. वाचन सुटलं, टीव्ही सुटला, विणकाम हातांना पाठ आहे म्हणून थोडं चालतं. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या गॅलरीत बसते आणि मला हाका मारते, "नीरू, हा कोण गं?" आणि मला कावळा, कोकीळ, पोपट एवढे सोडले तर एकही सांगता येत नाही.

अ‍ॅप टाकून बघितलं. पाच मिनिटांत अकरा नावं आली. आईला वाचून दाखवली तर म्हणाली, नावांची यादी नको मला, आत्ता जो बोलला तो कोण ते सांग.

तर सुरुवात कुठून करायची? आणि एक कोडं आहे. रात्री साडेआठ-नऊला टेकडीच्या बाजूने एक आवाज येतो. आईचे शब्द जसेच्या तसे: "कॅरमची सोंगटी फरशीवर पडली की टक, टक, टकटकटक करत कशी थांबते, तसा." हा पक्षी आहे का किडा?

मकरंद_औंध · १२ एप्रिल, रात्री ११:०५

अ‍ॅपवर लगेच फुली मारू नका. तुम्ही मर्लिन वापरत असाल तर ज्या क्षणी जो बोलतो त्याचं नाव स्क्रीनवर उजळतं, ते बघत बघत सांगायचं. आवाज ओळखायची सोय त्यात २०२१ मध्ये आली. ते आवाजाचं चित्र काढतं, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, आणि मग ते चित्र ओळखतं. मी पाषाण तलावावर याच्याच जोरावर दोन वर्षांत साठेक आवाज शिकलो.

रानवाटसरू · १३ एप्रिल, सकाळी ६:२०

नीरजाताई, तुमच्या आईंचं वर्णन इतकं चोख आहे की अ‍ॅपची गरजच नाही. तो रातवा. तिन्हीसांजेनंतर आणि पहाटे उजाडायच्या आधी ओरडतो. दिवसभर जमिनीवर पाचोळ्यात बसून राहतो, रंग असा की दोन पावलांवर असला तरी दिसत नाही. घरटं बांधत नाही, अंडी उघड्या जमिनीवर घालतो. रात्री उडता उडता किडे पकडतो. टेकडीवर बॅटरी मारली की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात (उगाच मारू नये).

घाटपांड्या · १३ एप्रिल, सकाळी ८:००

रातवाच कशावरून? टेकडीवर मी वीस वर्षं जातोय, अंधार पडला की "च्वीझ्... च्वीझ्" असा एकच तोकडा आवाज ऐकलाय, त्यालाच रातवा म्हणतात असं आमच्या ग्रुपमधले सांगतात. सोंगटीबिंगटी काही नाही त्यात.

रानवाटसरू · १३ एप्रिल, सकाळी ८:१५

दोन्ही रातवेच, जाती वेगळ्या. तुम्ही म्हणताय तो माळरानी, उडताना च्वीझ् च्वीझ् करतो. सोंगटीवाला तो साधा भारतीय रातवा, चक-चक-चक-चक-र्र्र. एकाच टेकडीवर दोघंही मिळतात.

सुमनकाकू · १३ एप्रिल, दुपारी २:३०

किती छान धागा. आम्ही मूळचे जुन्नरकडचे. लहानपणी पक्ष्यांची नावं कोणी शिकवली नाहीत, पण ते काय बोलतात हे सगळ्यांना माहीत होतं. मे महिन्याच्या शेवटी पावश्या ओरडायला लागला की आजोबा म्हणायचे ऐक, तो "पेरते व्हा, पेरते व्हा" सांगतोय. मग बी-बियाण्याची पोती उन्हात निघायची. तित्तर "कातीतर कातीतर" म्हणतो, टिटवी स्वतःचं नावच सांगते. नीरजा, आईंना अशी बोलकी वाक्यं सांगून बघ, पटकन डोक्यात बसतात.

मकरंद_औंध · १३ एप्रिल, दुपारी ३:१०

काकू गोड आहे हे, पण वाक्यांनी गोंधळही होतो. त्याच पावश्याला हिंदीत "पी कहाँ" ऐकू येतं आणि साहेबाला "ब्रेन फीव्हर". म्हणजे पक्षी एकच आणि ऐकणारा आपल्या भाषेतलं काहीतरी त्याच्या चोचीत घालतोय. चित्र खोटं बोलत नाही, त्यात आवाजाची उंची आणि लांबी स्वच्छ दिसते.

सुमनकाकू · १३ एप्रिल, दुपारी ३:४०

अरे बाळा, तिच्या आईला चित्र दिसत नाही म्हणून तर धागा काढलाय ना तिने.

मकरंद_औंध · १३ एप्रिल, दुपारी ३:५२

बरोबर आहे काकू. माफ करा नीरजाताई, घाईत लिहिलं.

स्वरगंध · १३ एप्रिल, रात्री ९:००

पावश्याच्या तिन्ही भाषांतल्या वाक्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे लय. ठेका तोच आणि दर वेळी सूर थोडा वर. चढत चढत अगदी टिपेला जातो, तुटतो, परत खालून सुरू. तेव्हा वाक्य कुठलंही घ्या, ते चालीत म्हणायचं, नुसते शब्द पाठ करून उपयोग नाही.

मी गाणं शिकवते त्यामुळे मला हे असंच सुचतं. जुन्या संगीतग्रंथांत मोराचा षड्ज आणि कोकिळाचा पंचम सांगितलाय, पण प्रत्यक्षात कोकीळ एका सुरावर थांबत नाही, तोही प्रत्येक "कुऊ"ला थोडा चढतो. नीरजा, तुमच्या आई कधी गायच्या का? गात असतील तर ऐकलेला आवाज त्यांना हलकेच गुणगुणायला सांगा. गळ्यातून एकदा निघालं की कान विसरत नाही.

नीरजा_प · १३ एप्रिल, रात्री १०:१५

स्वरगंधताई, आई तीस वर्षं भजनी मंडळात होती! आत्ता विचारलं तर लगेच कोकीळ करून दाखवला, आणि म्हणाली सकाळी अजून एक असतो, त्याची चाल रोज बदलते, कधी शिट्टी कधी बासरी. आम्ही उठायच्या आधी, पाच-सव्वापाचलाच सुरू असतो.

रानवाटसरू · १४ एप्रिल, सकाळी ६:०५

एप्रिलमध्ये पुण्यात पहाटे पाचला चाल बदलून गाणारा म्हणजे दयाळ, जवळजवळ नक्की. काळा-पांढरा, शेपटी वर करून गच्चीच्या टाकीवर नाहीतर अँटेनावर बसतो. हिवाळ्यात हाच पक्षी तुमच्या मागच्या झाडांत असतो पण फक्त घशातल्या घशात खरखर करतो, त्यामुळे लोकांना वाटतं उन्हाळ्यात नवा कोणी आला.

आणि इथे एक मूळ गोष्ट सांगतो, ही कळली की अर्धं काम होतं. पक्ष्याचं गाणं वेगळं आणि हाक वेगळी. गाणं हे बहुतेक नराचं, विणीच्या काळात, ही जागा माझी आहे हे सांगायला आणि मादीला बोलवायला. हाका बारा महिने, कारणापुरत्या. मांजर आलं, शिक्रा आला, पिल्लू कुठे गेलं, चला उडू या. मांजर दिसलं की बुलबुल, शिंपी, साळुंकी सगळे एका जागी जमून कडकड करतात. आईंना विचारा दुपारी अचानक सगळे एकदम भांडल्यासारखे ओरडतात का. त्या वेळी कोण ओरडतंय यापेक्षा कशाला ओरडतंय ते आधी कळतं.

आणखी एक योगायोग. पक्ष्याच्या आवाजाचं जगातलं पहिलं माहीत असलेलं रेकॉर्डिंग १८८९ सालचं, जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर केलेलं, आणि तो पक्षी होता आपल्याकडचा शामा, दयाळाचा सख्खा भाऊबंद.

विहंगम · १४ एप्रिल, सकाळी ९:३०

कोकिळेबद्दल एक दुरुस्ती, कारण कवितांनी पार घोळ घालून ठेवलाय. "कुहू" करतो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. कोकिळा ठिपक्याठिपक्यांची, आणि ती फक्त "किक-किक-किक-किक" अशी घाईघाईची हाक देते. ती कावळ्यांच्या घरट्याजवळ ऐकू आली तर समजा अंडं घालायच्या खटपटीत आहे.

आणि मला सगळ्यात नवल याचं वाटतं की कावळ्याच्या घरट्यात वाढलेलं पिल्लू मोठं होऊन कावळ्याचं गाणं गात नाही, कुहूच करतं. त्याला कोणी शिकवलेलं नसतं, ते उपजत. उलट दयाळ, बुलबुल यांच्यासारखे गाणारे पक्षी पिल्लू असताना मोठ्यांचं ऐकून ऐकून शिकतात.

झुळूक · १४ एप्रिल, सकाळी ११:००

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीत नेमकी मार्चमध्ये फांद्यांची छाटणी काढली. त्यानंतर सकाळी फक्त पारवे. एवढंच सांगायचं होतं.

पेठेतला · १४ एप्रिल, रात्री ११:२०

मी पक्षीवाला नाही. तरी लिहितो.

आमचं आजोळ कसबा पेठेतलं, तांबट आळी. लहानपणी सुट्टीत तिथे राहायचो तेव्हा सकाळी जाग यायची ती ठोक्यांनी. हंडा, बंब, घंगाळं, त्यावर मठार काढायचं म्हणजे पत्र्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके देत जायचं, एका हाताने भांडं फिरवत राहायचं, दुसऱ्याने मारायचं, ठोका सारखा पडला पाहिजे, नाहीतर भांड्यावर खळगा उमटतो. मामा बोलत असायचे, चहा घेत असायचे, पण हात चालू असला की ठोका हलायचा नाही. आजी आतल्या खोलीतून नुसत्या आवाजावरून सांगायची की आत्ता बंबाच्या पोटावर काम चाललंय का काठावर.

खूप वर्षांनी एम्प्रेस गार्डनमध्ये मुलीला घेऊन गेलो होतो, एप्रिलचीच भर दुपार, आणि वडाच्या वरच्या फांदीतून टुक टुक टुक टुक. मी उभाच राहिलो. शेजारी एकजण दुर्बीण घेऊन होते, त्यांना विचारलं, ते म्हणाले तांबट. मला आधी वाटलं त्यांनी मला ओळखलं आणि आडनावाने हाक मारली. (आमच्या मामांचं आडनाव खरंच तांबट.) मग कळलं पक्ष्याचंच नाव ते.

ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याने मठार ऐकलं होतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फरक एकच. आळीत चार घरांत चार ठोके एकमेकांत मिसळायचे. पक्षी एकटाच असतो.

रानवाटसरू · १५ एप्रिल, सकाळी ६:१०

पेठेतला, फार सुंदर. यात थोडी भर घालतो. तांबट टुक टुक करताना चोच उघडत नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी प्रत्येक टुकला फुगते आणि बसते. आणि तो मान इकडून तिकडे फिरवत राहतो, त्यामुळे आवाज एकदा डावीकडून एकदा उजवीकडून येतो आणि आपण चुकीच्या झाडाकडे बघत बसतो. वड, पिंपळ, उंबर या फळांवर त्याचा जीव. घरटं वाळक्या फांदीत भोक पाडून करतो, म्हणून वाळकी फांदी धोक्याची नसेल तर राहू द्या. झुळूक, तुमच्या सोसायटीतल्या लोकांना हे जरूर सांगा.

घाटपांड्या · १५ एप्रिल, सकाळी ७:४५

+१ पेठेतला. वाचून आळीतला तो तांब्याचा वास आला.

श्रवण७८ · १५ एप्रिल, रात्री ८:३०

मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. काही गोष्टी नीट सांगाव्याशा वाटतात.

नीरजाताई, तुम्ही सगळे नावापासून सुरुवात करताय. तसं करू नका. आईंना रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीत, तोंड एकाच दिशेला करून बसू द्या. पहिले आठ दिवस फक्त जागा ठरवायच्या. डावीकडे खाली झुडपात कोण आहे, समोर उंचावर कोण, उजवीकडे लांब कोण. पक्षी आपापल्या मजल्यावर राहतात. शिंपी कमरेएवढ्या झुडपात आणि कुंड्यांमध्ये, एवढासा जीव पण आवाज इतका मोठा की ऐकणाऱ्याला साळुंकीएवढा पक्षी वाटावा, टुविट टुविट टुविट एकसारखं. हळद्या शेंड्याला, ओली बासरी. खंड्या वायरवर नाहीतर सुकलेल्या शेंड्यावर, मोठ्याने खिदळल्यासारखा, त्याला पाण्याशेजारीच असायला हवं असं नाही. भारद्वाज दाट पानांत खोल, रिकाम्या माठात हुंकार द्यावा तसा हूप हूप हूप. घार सगळ्यांच्या वर, थरथरती लांब शिट्टी. माझ्या खिडकीचा नकाशा असा उभा आहे, खालून वर.

मग नऊ-दहा दिवसांनी एकच पक्षी निवडायचा. एकच. जो आईंना सगळ्यात जास्त सतावतो तो. त्याच्या मागे आठवडाभर लागायचं. तो बोलला की बाकी सोडायचं. एका आठवड्यात त्याची तीन-चार तऱ्हेची बोलणी कळतात आणि मुख्य म्हणजे इतर सगळे आवाज "तो नाही" म्हणून आपोआप बाजूला पडतात. मी वर्षाला दहा-बारा पक्षी असे धरले. आता शंभरच्या वर आहेत. घाई केली असती तर दहाही राहिले नसते.

पंखांचाही आवाज ऐकायचा. पारवा उडाला की टाळ्या वाजतात. राखी वटवट्या एका झुडपातून दुसऱ्यात जाताना किट किट किट करतो, वायरीतून ठिणगी उडावी तसा.

आणि शेवटचं, रागाने नाही, मनापासून लिहितोय. वर एकदोन प्रतिसादांत "दिसत नाही म्हणून निदान ऐकून तरी" असा सूर आलाय. पक्षी झाडात असतो तेव्हा तो डोळसांनाही दिसत नाही. माझ्याबरोबर सिंहगडाच्या पायथ्याला दुर्बिणीवाले मित्र येतात तेव्हा कुठे बघायचं हे मी सांगतो.

नीरजा_प · १५ एप्रिल, रात्री ९:१०

श्रवणदादा, आईला दोनदा वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून खुर्ची कठड्याला काटकोनात सरकवून आली.

स्वरगंध · १५ एप्रिल, रात्री ९:३०

या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

मकरंद_औंध · १६ एप्रिल, सकाळी १०:००

श्रवणजी, शिकलो. आणि अ‍ॅपची बाजू मी घेतली होती म्हणून त्याची चूकही मीच सांगतो. गेल्या महिन्यात तळजाईला अ‍ॅपने शिक्रा दाखवला, मी तसा लिहूनही टाकला, मग झाडाला वळसा घातला तर फांदीवर कोतवाल बसलेला आणि तोच शिक्र्याची हाक देत होता. कोतवाल ही नक्कल करतो, बाकीचे घाबरून पळाले की त्यांचं भक्ष्य याला. यंत्र फसलं, आणि त्याच्यामागून मी.

लेन्सवाला · १६ एप्रिल, दुपारी १:००

सोपा उपाय सांगू का, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावा, पक्षी स्वतः समोर येतो. मी फोटोसाठी हेच करतो. आईंना जवळून ऐकायला मिळेल.

रानवाटसरू · १६ एप्रिल, दुपारी १:२०

नका करू. कळकळीने सांगतोय. विणीच्या दिवसांत नराला दुसऱ्या नराचा आवाज म्हणजे घरावर चाल. तो खाणं सोडून, घरटं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत फिरतो. तुमचा फोटो दहा मिनिटांत होतो, मग दुसरा फोटोवाला येतो, मग तिसरा. वेताळ टेकडीवर पावसाच्या तोंडाशी नवरंग उतरतात तेव्हा एकेका झुडपापुढे स्पीकर लावून बसलेली माणसं मी पाहिलीत. ऐकायचं असेल तर घरात, दारं बंद करून, हेडफोनवर ऐका. झेनो-कँटोच्या साइटवर जगभरच्या लोकांनी केलेली रेकॉर्डिंग फुकट आहेत.

लेन्सवाला · १६ एप्रिल, दुपारी २:०५

एक-दोनदा लावल्याने एवढं काही होत नाही असं माझं मत. पण घरट्याचा मुद्दा मान्य, विणीत नाही लावणार.

विहंगम · १६ एप्रिल, दुपारी ४:००

गाड्यांच्या गोंगाटाबद्दल कोणी लिहिलं नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या पक्ष्यावर अभ्यास झाला होता, २००३ साली प्रसिद्ध झाला. जिथे रहदारीचा घरघराट जास्त तिथले नर खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात असं आढळलं. आपल्या कर्वे रोडवरचे दयाळ काय करत असतील?

सुमनकाकू · १६ एप्रिल, दुपारी ४:३०

म्हणून ते पाचला गातात. सिग्नल सुरू व्हायच्या आत रियाझ!

रानवाटसरू · १६ एप्रिल, संध्याकाळी ५:००

काकू, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. पहाटे हवा शांत असते, आवाज लांब जातो, आणि किडे शोधण्याइतका उजेड नसतो त्यामुळे गायला मोकळा वेळ. ही कारणं अभ्यासकही देतात.

नीरजा_प · ११ मे, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. श्रवणदादांनी सांगितलं तसं केलं. आईने पहिला पक्षी निवडला तो शिंपी, कारण तो तुळशीच्या कुंडीपर्यंत येतो. आता ती मला सांगते की त्याची जोडी आहे, आणि रोज साधारण अकराला बंगल्यातलं मांजर कुंपणावरून जातं, कारण तेव्हा त्याचं टुविट बंद होऊन बारीक चिक्-चिक् सुरू होतं. मी एकदा मुद्दाम खाली जाऊन बघितलं. मांजर होतं.

रातव्याची सोंगटी रोज मोजते. काल सलग सात वेळा पडली म्हणे.

पेठेतला · ११ मे, रात्री १०:३०

आईंना नमस्कार सांगा. तांबट येतो का तिकडे?

नीरजा_प · ११ मे, रात्री १०:४०

येतो काका, बंगल्याच्या उंबरावर. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यापासून आई त्याला "मामा" म्हणते.

नीरजा_प · ९ जून, सकाळी ७:१५

सुमनकाकू, पावश्या! परवापासून. मी अ‍ॅप उघडेपर्यंत आईने आतून "पेरते व्हा" चालीत म्हणून दाखवलं होतं.

आणि एक नवीन आहे, आज तिसरा दिवस. फक्त दोन सूर. आई म्हणते पहिला चढतो, दुसरा उतरतो, लांबून कोणीतरी शिट्टीने कोणाला बोलवावं तसा. सकाळी सहाच्या आसपास आणि परत संध्याकाळी दिवेलागणीला. मधे दिवसभर नाही. आवाज उंचावरून नाही, खालून येतो, टेकडीची वाट सुरू होते तिथल्या

नीरजा_प · ९ जून, सकाळी ७:१६

अर्धवट पोस्ट झालं. तिथल्या झुडपांच्या बाजूने, असं लिहीत होते.

श्रवण७८ · ९ जून, सकाळी ७:४०

वीईट्-ट्यू. नवरंग आहे! सकाळ-संध्याकाळ सहाची वेळ हीच त्याची खूण. आईंचं मनापासून अभिनंदन, हा मला पाचव्या वर्षी मिळाला होता.

रानवाटसरू · ९ जून, सकाळी ७:४५

नवरंगच. ताई, नेमकी जागा इथे लिहू नका हं, याच्यापुढे एक अक्षरही नाही.

नीरजा_प · ९ जून, सकाळी ७:५०

नाही लिहिणार. आईने आत्ताच बजावलं.